रोजचा ताजा रस: आधी फळ ठरवा, मग मशीन

तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. घरात चार माणसं. तुम्ही दोघं नोकरीला जाणारे, मुलगी सहा वर्षांची, सासऱ्यांना मधुमेह. रोज सकाळी सगळ्यांना घरचा ताजा रस मिळावा अशी तुमची इच्छा आहे. पण मिक्सरवर काढलेला मोसंबीचा रस कडू होतो, सफरचंद-गाजराचा बघता बघता काळपट पडतो, आणि वर बोटभर फेस येतो तो वेगळाच. सकाळी वेळ नसतो म्हणून रात्रीच रस काढून फ्रिजमध्ये ठेवला तर चालेल का, आणि पंधरा-वीस हजारांचा कोल्ड प्रेस, म्हणजे फळ हळूहळू दाबून रस काढणारं मशीन, घेतला तर हे सगळे त्रास मिटतील का, असं तुम्ही विचारलंय. शेवटी जाता जाता लिहिलंय की सासरे बागेतल्या मित्रांचं ऐकून दुधीचा रस सुरू करणार आहेत.

मी फूड टेक्नॉलॉजी शिकले, नंतर बरीच वर्षं पुण्यात एका बागेबाहेर ज्यूस सेंटर चालवलं, आणि आता बचत गटांना फळप्रक्रिया शिकवते. त्यामुळे मशीनबद्दल बोलायला मला आवडेल. पण तुम्ही शेवटी लिहिलेलं मी आधी घेते. बाकी काही चुकलं तर फार तर रस वाया जाईल, दुधीचं चुकलं तर माणूस दवाखान्यात जाईल.

दुधी, काकडी, दोडका, भोपळा या सगळ्या वेलवर्गीय भाज्यांमध्ये कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. बाजारात येणाऱ्या दुधीत ती इतकी कमी असतात की जिभेला कळतही नाहीत. पण वेलाला पाण्याचा ताण पडला, कडक ऊन लागलं, किंवा बियाण्यात रानटी वाणाचा संकर झाला, तर त्याच दुधीत ती भरमसाट तयार होतात. बाहेरून काही दिसत नाही. दुधी तसाच कोवळा, हिरवागार. भाजीत असा दुधी आला तर पहिल्या घासालाच कळतं आणि आपण ताट बाजूला सारतो. रसाचं तसं होत नाही. तो औषध समजून एका दमात प्यायला जातो, आणि ‘कडू आहे म्हणजे गुणकारी आहे’ ही समजूत आपल्याकडे पक्की. २०१० साली दिल्लीत कडू दुधीच्या रसामुळे एक मृत्यू झाला आणि त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, तज्ज्ञांची समिती नेमली. पोटात कळा, उलट्या, जुलाब, कधी रक्ताची उलटी, रक्तदाब एकदम खाली जाणं ही या विषबाधेची लक्षणं. यावर उतारा म्हणावा असं औषध नाही. डॉक्टर लक्षणं बघून उपचार करतात.

समितीने सांगितलेलं साधं आहे: रस काढण्याआधी दुधीचा छोटा तुकडा कच्चा चाखायचा. जराही कडू लागला तर तो दुधी टाकून द्यायचा. कडू रस प्यायचा नाही, आणि दुधीचा रस दुसऱ्या कुठल्या रसात मिसळायचा नाही. यातली शेवटची सूचना लोक सर्रास विसरतात. बागेबाहेर मी हेच बघायचे: दुधीत कारलं, वर आवळा, पुदिना, काळं मीठ. एकदा कारलं पडलं की दुधी कडू होता की नव्हता हे कोण सांगणार? तेव्हा सासरे ऐकणारच नसतील (वडीलधाऱ्यांना ‘नको’ म्हणून भागत नाही, मला ठाऊक आहे), तर प्रत्येक दुधी दोन्ही टोकांकडून चाखायचा, रस नुसता दुधीचाच काढायचा, पहिला घोट तोंडात घोळवायचा आणि शंका आली तर थुंकून टाकायचा. पिऊन झाल्यावर मळमळ किंवा पोटदुखी सुरू झाली तर घरगुती उपाय करत न बसता थेट दवाखाना गाठायचा. कडू दुधी शिजवूनही गोड होत नाही, म्हणून तो भाजीतही ढकलू नका. आणि माझं स्वतःचं मत विचाराल तर दुधीची भाजी करा, मुगाची डाळ घालून. रसात असं काहीही नाही जे भाजीत नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. तुम्ही मशीनचा प्रश्न विचारलाय, पण तुमची अडचण वेळेची आहे. तुम्हाला रात्री काढलेला रस सकाळी ताजा हवाय. ते कुठल्याच मशीनला जमत नाही. फळ पिळलं की त्याच्या आतल्या वेगवेगळ्या कप्प्यांत असलेले पदार्थ एकमेकांत मिसळतात आणि तेव्हापासूनच रस बदलायला लागतो. रंग बदलतो, चव बदलते आणि जंतू वाढतात. चांगलं मशीन पहिला बदल थोडा लांबवतं. उरलेले दोन तुम्ही कुठलं फळ घेता आणि रस किती वेळ ठेवता यावर आहेत.

मोसंबीचंच बघा. मोसंबीच्या पांढऱ्या सालीत, फोडींच्या पापुद्र्यांत आणि बियांत एक पदार्थ असतो, त्याला स्वतःला चव नसते. मिक्सरमध्ये हे सगळं भरडलं की तो रसातल्या आंबटपणाच्या संपर्कात येतो आणि हळूहळू त्याचं लिमोनिन होतं. लिमोनिन अतिशय कडू. म्हणून काढल्या काढल्या रस गोड लागतो, तासाभराने कडवट, आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेला सकाळी पिववत नाही. फ्रिजने ही क्रिया मंदावते, थांबत नाही. रस गरम केला तर उलट वेग घेते, त्यामुळे ‘उकळून ठेवते’ हा उपाय करू नका. वर साखर घातली तर फक्त कडूपणा झाकला जातो.

याचा अर्थ तुमच्या मोसंबीत किंवा मिक्सरमध्ये दोष नाही, पद्धतीत आहे. मोसंबी आडवी अर्धी कापून साध्या हातदाबाच्या लिंबूपिळणीसारख्या, पण मोठ्या प्रेसवर पिळा, किंवा त्या जुन्या काचेच्या-स्टीलच्या उंचवट्यावर फिरवा. पापुद्रे आणि बिया वरच राहतात, रस खाली येतो. शेवटचा थेंब निघेपर्यंत दाबू नका. त्या शेवटच्या दाबाने सालीतलं तेल आणि पांढरा भागच रसात उतरतो. मिक्सरच वापरायचा असेल तर साल आणि पांढरं जाडसर काढा, बिया काढा, आणि बटण दोन-तीनदाच झटका देऊन फिरवा, लगेच गाळा. सालीचा पांढरा भाग तसाच ठेवून मिनिटभर मिक्सर चालवणं म्हणजे कडू रसाची खात्रीची कृती.

फळ कधीचं आहे यावरही बरंच ठरतं. हंगामाच्या सुरुवातीला घाईने तोडलेल्या मोसंबीत हा कडू होणारा पदार्थ जास्त असतो, फळ झाडावर पिकत जातं तसा तो कमी होतो. जालना, छत्रपती संभाजीनगरकडची मोसंबी हिरवटच विकली जाते, त्यामुळे नुसत्या रंगावरून कळत नाही. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागणारी, पातळ सालीची आणि गुळगुळीत घ्या. खडबडीत, हलकी, जाड सालीची मोसंबी रस कमी देते आणि कडूपणा जास्त. साधारण एक किलो चांगल्या मोसंबीतून साडेतीनशे ते साडेचारशे मिलिलिटर रस मिळतो. त्यापेक्षा फार कमी निघत असेल तर फळवाला बदला.

सफरचंदाचं काळं पडणं हे वेगळं प्रकरण. सफरचंदात एक एन्झाइम असतं आणि फिनॉल वर्गातले पदार्थ असतात. फळ अख्खं असताना दोघं वेगळे असतात. कापलं, चिरडलं की एकत्र येतात आणि हवेतल्या ऑक्सिजनच्या साथीने तपकिरी रंग तयार होतो. असा रस प्यायला काही अपाय नाही, फक्त दिसायला वाईट आणि चवीला जरा शिळकट. गाजर फारसं काळं पडत नाही. तुमच्या मिश्रणात रंग बिघडवतं ते सफरचंदच. उपाय लिंबू. पण बहुतेक जण लिंबू शेवटी पिळतात, तोवर उशीर झालेला असतो. ज्या भांड्यात रस पडणार आहे त्यात आधीच अर्ध्या लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ घालून ठेवा. लिंबातलं आम्ल त्या एन्झाइमला रोखतं आणि त्यातलं क जीवनसत्त्व काळेपणा पक्का होण्याआधीच ती क्रिया मागे फिरवतं. फळं रात्रीच फ्रिजमध्ये ठेवली असतील तर आणखी चांगलं. थंड फळाचा रस उशिरा बदलतो आणि बर्फही घालावा लागत नाही.

फेस म्हणजे रसात घुसळलेली हवा. जोरात फिरणाऱ्या पात्याने किंवा जाळीने तो येणारच. पाच मिनिटं ग्लास तसाच ठेवा, वरचा थर चमच्याने काढा. तो काढला नाही तरी बिघडत नाही, मुलं मात्र तोंड वाकडं करतात.

आता जंतू. याबद्दल कुणी विचारत नाही, कारण ते दिसत नाहीत. मोसंबी, संत्री, डाळिंब, अननस, आवळा यांचा रस आंबट असतो आणि बहुतेक घातक जंतूंना तो आंबटपणा मानवत नाही. गाजर, बीट, दुधी, काकडी, पालक, कलिंगड, पपई यांच्या रसात मात्र पुरेसं आम्ल नसतं, आणि वरून भाज्या मातीत वाढलेल्या. अशा रसात जंतू झपाट्याने वाढतात. २००६ साली अमेरिका आणि कॅनडात नीट थंड न ठेवल्या गेलेल्या बाटलीबंद गाजराच्या रसातून लोकांना बॉट्युलिझमची, म्हणजे जंतूंच्या विषाने लकवा आणणारी, विषबाधा झाली होती, तीही कारखान्यात प्रक्रिया केलेल्या रसातून. आपल्या ओट्यावर तर काहीच प्रक्रिया होत नाही. म्हणून माझा नियम असा: भाज्यांचा आणि कलिंगडाचा रस काढला की प्यायचा, ठेवायचाच झाला तर फ्रिजमध्ये, दोन-तीन तास. आंबट फळांचा रस काचेच्या बाटलीत तोंडापर्यंत भरून, झाकण घट्ट लावून, फ्रिजच्या दारात नव्हे तर आतल्या बाजूला ठेवला तर एक दिवस. डब्यात ऑफिसला न्यायचा असेल तर मोसंबी अख्खी न्या.

मशीनच्या जाहिरातीत ‘रस ७२ तास ताजा’ असं लिहिलेलं तुम्ही वाचलं असेल. दुकानात मिळणारे कोल्ड प्रेस रस दिवसेंदिवस टिकतात हेही खरं. पण त्या बाटल्यांवर जंतू मारण्यासाठी बहुधा अतिउच्च दाबाची प्रक्रिया केलेली असते, आणि कारखान्यातला तो दाब घरातल्या मशीनच्या दाबाच्या कित्येक पटींनी जास्त असतो. घरच्या कोल्ड प्रेसमधून जंतू मरत नाहीत. रात्री रस काढून ठेवण्यासाठी तो घेत असाल तर पैसे तसेच राहू द्या.

इतकं झाल्यावर मशीनबद्दल बोलता येईल. आपल्याकडे घरात तीन प्रकार दिसतात. पहिला, मिक्सरच्या सेटमध्ये येणारं ज्यूसरचं भांडं, आत जाळी आणि मध्ये पातं. दुसरा, वरून गाजर ढकलायचा सेंट्रीफ्यूगल ज्यूसर. त्यात किसणीसारखी तबकडी आणि जाळी मिनिटाला हजारो फेरे घेत फिरतात, रस बाहेर फेकला जातो. तिसरा कोल्ड प्रेस किंवा स्लो ज्यूसर. त्यातला जाड स्क्रू मिनिटाला साधारण ४० ते ८० फेरेच घेतो आणि तेलाच्या घाण्यासारखा दाबून रस काढतो.

विक्रेते सांगतात की वेगवान मशीनमध्ये उष्णतेने जीवनसत्त्वं मरतात. दहा-वीस सेकंदांत रस काही अंशांनीच गरम होतो, त्याने काही आकाश कोसळत नाही. खरा फरक हवेचा आहे: वेगवान मशीनमध्ये हवा जास्त मिसळते, त्यामुळे रंग लवकर बदलतो, फेस जास्त येतो आणि रस लवकर थरांत फुटतो. काढून लगेच पिणाऱ्याला हा फरक फारसा जाणवायचा नाही. कोल्ड प्रेसचा खरा फायदा उतारा. गाजर, बीट, आलं आणि विशेषतः पालक, पुदिना, गव्हांकुर यांसारखा पाला यातून तो लक्षात येण्याइतका जास्त रस काढतो, चोथा जवळजवळ कोरडा पडतो. पाल्याचा रस सेंट्रीफ्यूगलमध्ये निघतच नाही म्हटलं तरी चालेल. पानं जाळीला चिकटून बसतात. कोल्ड प्रेसचा आवाजही कमी. सकाळी सहाला मुलगी झोपलेली असताना हा मुद्दा लहान नाही.

तोटे असे की तो हळू चालतो, गाजरं बोटाएवढी चिरून द्यावी लागतात, आणि धुवायला पाच-सात भाग असतात. आल्याचे किंवा पालकाच्या देठाचे लांब धागे स्क्रूभोवती गुंडाळून मशीन अडकतं. म्हणून आलं आडव्या चकत्यांत कापा, पाल्याची जुडी इंच-इंच चिरा आणि मऊ-कडक असं आलटून पालटून घाला. गाजरानंतर पाला, पाल्यानंतर पुन्हा गाजर. घेताना किंमत आणि वॉटपेक्षा एक गोष्ट विचारा: जाळी आणि रबरी सील सुटे मिळतात का, तुमच्या गावात, आज. मोटर सहसा जात नाही, जाळी जाते.

तेव्हा कोल्ड प्रेस घ्यावा की नाही, याचं उत्तर तुम्ही काय पिणार यावर आहे. मोसंबी-संत्र्याचा रस हवा असेल तर काहीशे रुपयांचा स्टीलचा हातप्रेस पुरतो (अॅल्युमिनियमचा नको, आंबट रसाने तो काळवंडतो). आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळी गाजर-बीट हवं असेल तर आहे तो मिक्सर, थोडं थंड पाणी आणि ओलं करून पिळलेलं मलमलचं फडकं बास. एका ग्लाससाठी तर मी अजूनही गाजर किसून फडक्यातून पिळते, धुवायला काही उरत नाही. रोज चौघांसाठी भाज्यांचा, पाल्याचा रस काढायचा असेल आणि मशीन धुवायला कुणीतरी दहा मिनिटं देणार असेल, तरच कोल्ड प्रेसचे पैसे वसूल होतात. तुमच्या घरचं जे चित्र तुम्ही लिहिलंय त्यावरून ती दहा मिनिटं कुणाकडे आहेत असं मला वाटत नाही. माळ्यावर गेलेले कोल्ड प्रेस मी पुष्कळ पाहिलेत.

काही फळांना मशीन लागतच नाही. डाळिंबाचे दाणे मिक्सरमध्ये फिरवले की आतली बी भरडते आणि रस तुरट-कडू होतो. दाणे जाड पिशवीत घालून वरून लाटणं फिरवा, मग गाळा. बी अख्खी राहते, सोलापूरकडच्या भगवा जातीच्या डाळिंबाचा रंग जसाच्या तसा येतो. दाण्यांमधले पिवळसर पापुद्रे मात्र आधी नीट निवडा. कलिंगडाच्या बिया काढून गर हातानेच कुस्करला तरी रस सुटतो, त्यात पाणी घालणं हा निव्वळ अपमान. चिकू, सीताफळ, केळं, आंबा यांचा रस ज्यूसरमधून काढायला जाऊ नका. ती गराची फळं, त्यांचं मिल्कशेक करा. पपई आणि अननस दुधात घालून ठेवू नका, त्यांतल्या एन्झाइममुळे दूध कडू होतं.

बीटबद्दल एक सूचना, कारण एबीसी ज्यूस, म्हणजे सफरचंद-बीट-गाजर, सध्या घरोघरी चाललाय. दोन मध्यम गाजरं, एक सफरचंद आणि बीट मात्र पाव. जास्त बीट घातलं की मातकट वास येतो आणि घशाला खवखवतं. आल्याचा तुकडा आणि लिंबू त्या वासाला मारतं. दुसऱ्या दिवशी लघवी गुलाबी दिसली तर घाबरू नका, काही जणांना बीटाने तसं होतं. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी बीट आणि कच्च्या पालकाचा रस रोज पिऊ नये, दोन्हींत खडे बनवणारं ऑक्झलेट भरपूर. पालकाची भाजी किती खाल त्याला मर्यादा आहे, पण त्याच पालकाच्या दोन जुड्या एका ग्लासात बसतात. अडचण तिथे होते.

आता कोणी किती प्यावा. हे लिहायला मला जरा संकोच वाटतो, कारण वर्षानुवर्षं मी रसच विकला. पण पाव लिटर मोसंबीच्या रसात साधारण २० ग्रॅम साखर असते, म्हणजे चार-पाच चमचे. ती फळाचीच आहे, तुम्ही वरून घातलेली नाही, तरीही चोथ्याबरोबर तंतू निघून गेल्यावर ती शरीरात झटकन उतरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनात फळांच्या रसातली साखर ही वरून घातलेल्या साखरेच्याच गटात धरली आहे आणि २,००० कॅलरींच्या आहारात ती ५० ग्रॅमच्या आत, शक्य तर २५ ग्रॅमपर्यंत ठेवायला सांगितलंय. आपल्याकडच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या आहार-मार्गदर्शनातही रसापेक्षा अख्खं फळ खावं असंच म्हटलंय. रसवंतीचा ऊस तर त्याहून पुढे: १०० मिलिलिटरमध्ये १३ ते १५ ग्रॅम साखर.

मधुमेही माणसाची साखर एकदम खाली गेली तर डॉक्टर अर्धा कप फळाचा रस द्यायला सांगतात. का, तर तो साखर पटकन वर नेतो. मग साखर आधीच वर असणाऱ्याने तोच रस रोज सकाळी रिकाम्या पोटी प्यावा का, हे सासऱ्यांनाच विचारा, त्यांना पटेल. त्यांच्यासाठी मी अख्खी मोसंबी सोलून देईन, फोडींसकट. रस हवाच असेल तर काकडी-पुदिना-लिंबू, किंवा टोमॅटो, छोटा ग्लास, न गाळता आणि नाश्त्याबरोबर. कारल्याचा रस घेणार असतील तर डॉक्टरांना सांगून घ्यावा. गोळ्या चालू असताना तो साखर आणखी खाली नेऊ शकतो. किडनीचा त्रास असेल, रक्त पातळ करण्याचं वॉरफेरिन चालू असेल, तर हिरव्या पाल्याचे रस स्वतःच्या मनाने सुरू करू नयेत. पपनसाचा रस कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांबरोबर चालत नाही, हेही तेव्हाच विचारून घ्या.

मुलीसाठी छोटी वाटीभर पुरे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली ४ ते ६ वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त १२० ते १८० मिलिलिटर रस असं सांगितलंय, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला रस देऊच नये असं. ती फळ चावून खात असेल तर रसाची गरज नाही. आजारपणात किंवा फळाला हात न लावणाऱ्या मुलांसाठी रसाचा उपयोग आहे.

म्हणजे इथवरचं हिशेबात धरलं तर तुमच्या घरात रोज रस हवाय तो फार तर तुम्हा दोघांना, तोही छोटा ग्लास. मग काम एकदम हलकं होतं. मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं.

रात्री रस न काढता तयारी करून ठेवायची. मोसंबी, गाजरं वाहत्या नळाखाली चोळून धुवायची, साबण लावायचा नाही. कापल्यावर धुवायचं नाही, कापण्याआधी धुवायचं. पालक-पुदिना पातेल्यात बुडवून पाणी बदलत राहायचं, तळाला माती दिसेनाशी होईपर्यंत. कच्चा प्यायचा पाला आहे, उकळणार नाही आहोत, म्हणून इथे आळस नको. गाजरं सोलून झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये. सफरचंद मात्र सकाळीच कापायचं. एवढी तयारी असेल तर सकाळी हातप्रेसवर चार मोसंब्या पिळायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

आणि ज्या दिवशी तेवढीही उसंत नाही त्यासाठी आवळा. थंडीत आवळे स्वस्त झाले की दोन किलो आणा, बिया काढून थोड्या पाण्याबरोबर मिक्सरमधून फिरवा, फडक्यातून पिळा आणि रस बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. गोठल्यावर खडे पिशवीत भरून फ्रीझरमध्येच ठेवा. आवळ्यात क जीवनसत्त्व भरपूर आहे, आणि गोठवलेल्या स्थितीत ते बऱ्यापैकी टिकतं. सकाळी ग्लासभर पाण्यात एक खडा, चिमूटभर सैंधव, जिरेपूड. साखर जवळजवळ नाही, त्यामुळे सासऱ्यांनाही चालण्यासारखा. लोखंडी सुरी किंवा खलबत्ता वापरू नका, आवळा काळा पडतो, स्टील वापरा. डाळिंबाचा रसही असाच गोठवता येतो. मोसंबीचा नका गोठवू, कडवटपणा येतोच.

धुण्याबद्दल: जाळी वापरल्या वापरल्या नळाखाली धरून घासा, जुना टूथब्रश पुरतो. वाळलेला चोथा जाळीच्या भोकांत बसला की दुसऱ्या दिवशी तिथूनच आंबूस वास येतो, आणि पुढच्या रसात तोच उतरतो. गाजराने पिवळं-केशरी झालेलं प्लास्टिक साबणाने निघत नाही. खोबरेल किंवा गोडेतेलाचं बोट फिरवून मग साबण लावा, निघतं. तो रंग तेलात विरघळणारा आहे. याच कारणाने गाजराचा रस नुसता पिण्यापेक्षा न्याहरीबरोबर प्यावा, म्हणजे पोळीवरच्या तुपाने त्यातलं कॅरोटिन, म्हणजे तो केशरी रंगच, अंगी लागतं.

गाजर-बीटाचा चोथा फेकत असाल तर थालीपिठाच्या भाजणीत मळा, कांदा-कोथिंबीर जरा सढळ घाला. मोसंबीचा चोथा मात्र कशात घालू नका, कडू होतं. तो कंपोस्टमध्ये, तोही बेतानेच. कोल्ड प्रेसचा निर्णय थंडीत लाल गाजरं येईपर्यंत लांबणीवर टाका. तोवर हातप्रेस आणि फडकं रोज वापरात राहिलं, तर मला पुन्हा विचारा, तेव्हा कोणता घ्यावा ते तुमच्या ओट्याच्या मापासकट बोलू.